पंधरा कोटी अंशांचा मंगळवार

नीलमचं चुकलं ते एवढंच, की तिनं खरं सांगितलं. "साईराजच्या कॉम्प्युटरवर जरा हिशेब करायचाय," एवढं म्हणून ती मोकळी झाली असती, तर शिरगुंडीत कुणी मान वर करून बघितलं नसतं. पण शास्त्रज्ञ मंडळींना मोघम बोलायचं वावडं असतं. मंगळवारी सकाळी, देवळाच्या कट्ट्यावर अख्खं गाव बसलेलं असताना, तिनं पंचांना सांगितलं की मला आज एक आग लावायची आहे आणि ती पंधरा कोटी अंशांची आहे.

तो मंगळवार वाराचा होता. बेळगावच्या सांबरा विमानतळापासून कोसभर आत गेलं की शिरगुंडी लागतं, आणि तिथं देवीच्या यात्रेआधी पाच मंगळवार पाळायची रीत आहे. त्या दिवशी रानात पाऊल टाकायचं नाही, औत धरायचं नाही, ट्रॅक्टर बाहेर काढायचा नाही, गिरणी बंद, दुकानं बंद. चूल पेटवायची नाही. आदल्या दिवशीची भाकरी, चटणी आणि दही यावर दिवस काढायचा. गॅसवर चहा मात्र चालतो, कारण गॅस म्हणजे चूल नव्हे, असा सोयीस्कर निवाडा पंचांनी काही वर्षांपूर्वी देऊन ठेवला आहे. एरवी या गावात कुणाला कुणाशी बोलायला सवड नसते. वाराच्या दिवशी सगळ्यांना सवडच सवड असते, आणि सवड असलेल्या माणसांपुढं पंधरा कोटी अंशांची गोष्ट काढणं म्हणजे स्वतःहून फजितीला बोलावणं धाडण्यासारखं होतं.

नीलम ही शामूची थोरली मुलगी. गुजरातेतल्या एका संस्थेत ती पीएचडी करत होती. विषय होता प्लाझ्मा, म्हणजे इतका तापवलेला वायू की त्यातले अणू फुटून नुसत्या विद्युतभारित कणांचा गोंधळ उरतो. असा वायू आणखी तापवला की त्यातली हलकी केंद्रकं एकमेकांत मिसळतात आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. सूर्य यावरच चालतो. गावात तिनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा लोकांनी "म्हंजे सूर्य बनवतीस व्हय?" असं विचारलं, तिनं "तसंच काहीतरी" म्हटलं, आणि पुढच्या वाक्याला विषय उसाच्या बिलावर गेला. तीन वर्षं हेच चाललं होतं. पहिल्या वाक्यापुढं तिचं काम कुणी ऐकलं नव्हतं, अगदी घरातसुद्धा. वडील तर ती बोलायला लागली की नुसते मान हलवत आणि बैलांना वैरण घालायला उठत. तिला याचं वाईट वाटे, आणि वाईट वाटतं हे सांगायची लाज वाटे.

आता अडचण अशी आली होती. नीलमनं तीन वर्षं खपून एका लहान यंत्राचा आराखडा केला होता. तिच्या गाईड कल्याणी मॅडमकडं असे बरेच आराखडे होते आणि बुधवारी बैठकीत त्यातले काही ठेवून बाकीचे काढून टाकायचं ठरलं होतं. अट सरळ होती. यंत्र तापवायला जेवढी ऊर्जा घालाल, तिच्या निदान दीडपट बाहेर निघाली पाहिजे. नीलमच्या यंत्रातून, तिच्याच हिशेबानं, पाऊणपट निघत होती. म्हणजे बुधवारी तीन वर्षं केराच्या टोपलीत.

आणि सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात तिला कळलं की हिशेबच चुकलाय.

झालं असं, की वारासाठी लावलेलं दही लागलं नाही. शामूची आत्या नागुबाई, जिला घरात सगळे आत्तीच म्हणत, तिनं त्यावरून घर डोक्यावर घेतलं. सूनबाईनं विरजण खिडकीत ठेवलं, म्हणून दही बिघडलं, म्हणून वार बिघडणार, म्हणून यात्रा बिघडणार, अशी तिची गाडी निघाली. नीलमची आई मंगल थोडी कुरकुरली. शामू पेपरात डोकं घालून बसला होता, त्याला राग असा येतच नसे. नीलम बघत होती. घरात माणसं चार. चौघांच्या रागाची सरासरी काढली असती तर घर कोमट निघालं असतं, आणि कोमट घरात भांडण होत नाही. भांडण तर तीन घरं ओलांडून ऐकू जात होतं, कारण सगळी उष्णता एकट्या आत्तीत गोळा झाली होती.

नीलम भाकरी हातात तशीच धरून उभी राहिली. पहिल्या वर्षी हिशेब सोपा व्हावा म्हणून तिनं लिहून टाकलं होतं की तूर्तास तापमान सगळीकडं सारखं धरू. ते तूर्तास तीन वर्षं मुक्कामाला राहिलं होतं. खऱ्या यंत्रात उष्णता अशी सपाट पसरलेली कधीच नसते. मध्ये जास्त, कडेला कमी. आणि केंद्रकं मिसळण्याचं गणित तिरपागडं आहे. तापमान दुप्पट झालं की मिसळणं दुप्पट होत नाही, चौपट होतं, कधी त्याहून जास्त. म्हणजे कडेची थोडी ऊब मध्ये सरकवली, तर कडेला नुकसान जरासं आणि मध्ये फायदा दांडगा. सरासरी तीच, एकूण उष्णता तीच, आणि ऊर्जा किती तरी जास्त.

"आत्ती, तुमचे लई उपकार झाले," ती म्हणाली.

"बघ, पोरीला तरी कळतंय," आत्ती मंगलला म्हणाली आणि त्यामुळं भांडण आणखी वाढलं.

हिशेब पुन्हा करायला दिवसभर चालणारा दणकट संगणक हवा होता. संस्थेतल्या मोठ्या संगणकावर रांग होती आणि तिचा नंबर शुक्रवारी लागत होता. तिच्या लॅपटॉपला हे काम यात्रा संपेपर्यंत पुरलं असतं. गावात एकच दणकट संगणक होता, साईराजचा. साईराज वाढदिवसाचे फ्लेक्स छापायचा आणि लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचा, आणि त्यासाठी त्यानं बेळगावातून महागडं ग्राफिक कार्ड आणून बसवलं होतं. नवरा-नवरी ढगातून खाली उतरतात ते त्याच्यावर. साईराज द्यायला तयार होता. पण वाराच्या दिवशी दुकान उघडायचं तर पंचांना विचारायला हवं, असं तो म्हणाला, आणि म्हणून नीलम कट्ट्यावर उभी होती.

पंचांचे म्होरके भरमा आप्पा. मनानं चांगला माणूस, पण डोकं असं की पाणी शिंपडलं तर वाफ निघावी.

"आग कुठं लावणार?" आप्पांनी विचारलं.

"कॉम्प्युटरमध्ये."

"आन् पंधरा कोटी?"

"ते बी कॉम्प्युटरमध्येच, आप्पा. खरी आग न्हाय. आकड्यांची हाय."

"इथं चूल पेटवायची न्हाय म्हणून माणसं शिळं खात बसल्यात, आन् तू पंधरा कोटीची आग लावतीस?"

शेजारची राजाबाई खांबाला टेकून बसली होती. तिला नीलमची दया आली. "अवो आप्पा, टीव्हीतल्या बाया मंगळवारच्या भजी तळत्यात. आपण बसून बघतो. तवा कुठं वार मोडतोय?"

"ती भजी आपण तळत न्हाय, राजाबाई. ही आग आपल्या गावची पोरगी लावणार, आपल्या गावच्या करंटावर."

मग कुणीतरी विचारलं, की स्वप्नात भजी तळली तर? दुसऱ्यानं सांगितलं की मागच्या मंगळवारी त्यानं स्वप्नात नांगर धरला होता. यावर पंचांची थोडी कुजबुज झाली आणि स्वप्न आपण लावत नाही, ते आपोआप लागतं, सबब दोष नाही, असा निवाडा झाला. नीलमला वाटलं, वारं आपल्या बाजूनं फिरतंय. तेवढ्यात साईराज मदतीला धावला.

"आग खरी न्हाय हे खरं," तो म्हणाला, "पण माझं कार्ड खरंच तापतंय बघा. लग्नाचा व्हिडिओ लावला तर हात ठेवू देत न्हाय."

"ऐका," आप्पा म्हणाले. "हात ठेवू देत न्हाय."

नीलमनं मनातल्या मनात साईराजला चार शिव्या हासडल्या. मग शहाण्या माणसानं करू नये ते तिनं केलं. ती समजावून सांगायला लागली. कुणीतरी विचारलं की ते यंत्र दिसतं तरी कसं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मेदुवड्यासारखं. मध्ये भोक, आन् सगळी आग वड्याच्या पोटात."

सकाळपासून शिळ्या भाकरीवर असलेल्या त्या जमावानं ओठांवरून जीभ फिरवली. मागच्या रांगेतून कुणीतरी लांब श्वास सोडला.

"देवीच्या दारात, वाराच्या दिवशी, वड्याचं नाव काढलंस?" आप्पा उठूनच उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले, आवाज चढला, शिकल्या-सवरल्या पोरींपासून सुरुवात करून ते गावच्या एकूण अधोगतीपर्यंत पोचले. नीलम खाली मान घालून ऐकत होती. तिला दिसत होतं की बाकी कट्टा थंड आहे, पायरीवरची म्हातारी माणसं तर डुलक्या घेतायत. सगळ्या गावाची उष्णता मध्यभागी एकट्या आप्पांत जमली होती आणि तेवढी तिचा आराखडा बुडवायला पुरेशी होती.

तेव्हा आत्ती उठली.

"भरमा," ती म्हणाली, "सकाळी तुझ्या दारावरनं आले. आल्याच्या चहाचा वास सुटलाता."

"गॅस म्हंजे चूल न्हवं. हे ठरलंय."

"व्हय, ठरलंय. कुणी ठरवलं?"

ते आप्पांनीच ठरवलं होतं, आणि ज्या दिवशी ठरवलं त्याच दिवशी त्यांच्या घरी गॅसची शेगडी आली होती, हे गावाला पाठ होतं. पुढून एक माणूस फिसकन हसला, मग दुसरा. आप्पांचा राग जसा टोकाला गेला होता तसा एका क्षणात ढासळला, आणि गंमत म्हणजे तो नाहीसा झाला नाही, कडेला पसरला. इतका वेळ डुलक्या घेणारी म्हातारी माणसं खडबडून जागी होऊन आपसांत गॅस आणि चुलीवरून वाद घालायला लागली. प्लाझ्माच्या तापमानाचं टोक फार वर काढलं तर तोही असाच मध्ये कोसळतो आणि उष्णता कडेला फेकतो. हे पुस्तकात नीलमनं शंभरदा वाचलं होतं, पण कट्ट्यावर घडताना प्रथमच पाहिलं.

"वार कुठवर?" आत्तीनं विचारलं.

"शिवेपत्तूर," आप्पा म्हणाले. आवाज आता माणसात आला होता.

"आन् शामूचा वड्यापलीकडचा... ओढ्यापलीकडचा तुकडा?" तिच्याही डोक्यात वडेच होते.

"तो शिवेबाहेर."

"तिथं पाण्याच्या मोटारीची खोली हाय. करंट हाय. न्हेऊ दे की तिला तिथं."

आप्पांनी विचार केला. नियमाचा माणूस नियमात अडला की जेवढा कडक असतो, तेवढाच नियमातून वाट दिसली की उत्साही होतो. शिवेबाहेर कुणी सूर्य लावला काय आणि चंद्र लावला काय, शिरगुंडीला दोष नाही, असं त्यांनी जाहीर केलं. दोन अटी घातल्या. शिवेच्या आत बटण दाबायचं नाही. आणि वाहन वापरायचं नाही.

त्यामुळं साईराजचा संगणक बाजल्यावर निघाला. बाजलं चौघांनी खांद्यावर घेतलं होतं, वर संगणक, आणि हादरे बसू नयेत म्हणून खाली मंगलची गोधडी. मंगलनं स्क्रीन शालीत गुंडाळून बाळंतिणीच्या काळजीनं छातीशी धरला होता. बॅटरीचा जड डबा शामूनं डोक्यावर घेतला. साईराज बाजल्याच्या बाजूनं चालत "सावकाश, सावकाश" म्हणत होता. राजाबाईनं कुठं काही राहू नये म्हणून वाटेत संगणकाला हळदकुंकू लावलं. पाठीमागं अख्खं गाव, कारण दुसरं काम काय होतं. विरुद्ध दिशेनं येणारा एक पलीकडच्या गावचा मोटारसायकलवाला हे बघून गाडी बंद करून टोपी काढून उभा राहिला. त्याला कुणी खुलासा केला नाही.

मोटारीच्या खोलीत तार जोडली. दाराला गोणपाट ओलं करून टांगलं, म्हणजे कार्ड गार राहील. आप्पांनी स्वतः बाहेर जाऊन शिवेचा दगड मागं राहिल्याची खात्री केली आणि म्हणाले, "आता दाब."

नीलमनं दोन प्रकरणं एकदम लावली. एकात उष्णता मध्ये एकवटून उंच टोक काढलेलं होतं. दुसऱ्यात टोक बोथट होतं, कडेलाही थोडी ऊब राखलेली. पहिलं सगळ्या स्क्रीनवर दिसत होतं, दुसरं कोपऱ्यातल्या चिमुकल्या चौकटीत. मोठ्या चित्रात एक गोल उगवला. कडेला काळपट, मग तांबडा, मग पिवळा, आणि मध्ये पांढराफेक. खाली एक आकडा. घातलं त्याच्या किती पट निघालं, तो.

"हे काय झालं?" आप्पांनी विचारलं. आणि नीलमच्या लक्षात आलं, की हे तिच्या कामाविषयीचं दुसरं वाक्य आहे, आणि माणूस उत्तराची वाट बघत उभा आहे.

तिनं सांगितलं. ऊब तेवढीच आहे, वाटणी वेगळी आहे. सगळीकडं सारखी वाटली तर कुठंच पुरत नाही. मध्ये दिली तर तिथं कणांचं लगीन जोरात लागतं.

"खत अख्ख्या रानात उधळायचं न्हाय, बुडात घालायचं," आप्पा म्हणाले.

"जवळपास तसंच."

मग तिला थांबवता येईना. तीन वर्षांचं साठलेलं होतं. ती सांगत सुटली आणि माणसं ऐकत राहिली, निम्मं कळत होतं, निम्मं कळत नव्हतं, पण उसाच्या बिलाचं नाव कुणी काढलं नाही. दुपारी लोकांनी शिदोऱ्या तिथंच सोडल्या. पाऊण होता तो आकडा एकवर गेला तेव्हा साईराजनं ओरडून सांगितलं. दीड झाला. तीन झाला. दुपार कलली तेव्हा खालचा आकडा पाचाला टेकला होता.

मोटारीच्या खोलीत लग्नघरासारखी गडबड उडाली. आत्तीनं स्क्रीनवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. सकाळी ज्या आगीनं देवी कोपणार होती, तिच्यावर आता गावाचा जीव जडला होता.

"बास, थांबव आता," आप्पा म्हणाले. "दिवेलागण जवळ आली, करंट बी जायची येळ झाली. पाचपट निघाली. घिऊन चल घरला."

"व्हय, थांबव," साईराज म्हणाला. "कार्ड बी लई तापलंय."

सगळ्यांचं एकमत झालं. नीलमनं माऊसवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. आत्ता थांबवलं तर पाचपट आकडा हातात होता. तो खोटा नव्हता. बुधवारच्या बैठकीत तिचा आराखडा सगळ्यांच्या वर गेला असता. फक्त तिला त्या पांढऱ्या टोकाचा भरवसा वाटत नव्हता. आणखी थोडं चालवलं तर ते टिकतं की नाही ते कळलं असतं, आणि न टिकलं तर आज एवढ्या माणसांदेखत तिचं हसं झालं असतं.

"मला आणखी जरा बघायचंय," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"काय बघायचं राहिलं? कडेलोट हुईस्तवर बघायचं काय?" आप्पांचे कान पुन्हा लाल व्हायला लागले. "चांगल्याचं वाईट व्हायची वाट कोण बघतंय?"

आणि मग मागून, गोणपाटापाशी उभा असलेला शामू बोलला. शामू चारचौघांत बोलत नसे. पंचांसमोर तर त्यानं आयुष्यात तोंड उघडलं नव्हतं.

"चालू दे," तो म्हणाला. "काम तिचं हाय. कवा थांबवायचं ते तिला ठावं."

आप्पांनी वळून बघितलं. शामू घाबरला होता, ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, पण तो जागचा हलला नाही. नीलमला वडिलांचा इतका अभिमान वाटला की तिला क्षणभर स्क्रीन दिसेना.

थोड्याच वेळात मधला पांढरा डाग थरथरला. एकदा फुगला, आणि फुटला. पिवळं आणि तांबडं कडेपर्यंत पसरलं, गोल सपाट होऊन मळकट झाला आणि खालचा आकडा पाचावरून घसरत घसरत एकच्या खाली आला. राजाबाई हळू आवाजात म्हणाली, "अगं बाई, गेलं."

"आम्ही सांगितलंतं," आप्पा म्हणाले, पण रागानं नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

नीलमनं कोपऱ्यातली चिमुकली चौकट मोठी केली. दिवसभर तिच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. तिथला गोल पांढरा नव्हता, नुसता पिवळाधमक होता आणि जागच्या जागी शांत होता. खालचा आकडा एक पूर्णांक सहा. ती बघत राहिली. एक पूर्णांक सहा. करंट गेली, खोलीत अंधार झाला, बॅटरीच्या डब्यानं चिवचिवायला सुरुवात केली, तरी तो एक पूर्णांक सहाच होता. तिनं दोन्ही प्रकरणं फोनवर उतरवून घेतली, संगणक बंद केला आणि बांधावर जाऊन ती मॅडमना धाडली. टिकलेलं आधी, कोसळलेलं त्याच्या खाली.

मॅडमचा फोन लगेच आला. त्या मूळच्या बेळगावच्या, टिळकवाडीच्या. "पाचपट गाठून तू पुढं चालवलंस?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम. टिकला नाही."

"थांबवून पाठवलं असतंस तर उद्या पहिला प्रश्न मी 'पुढं टिकतो का?' हाच विचारला असता, आणि तुझा आराखडा तिथंच संपला असता. एक पूर्णांक सहा पुरेसा आहे. आराखडा राहतो. उद्या बैठकीत तूच बोल, फोनवरून." मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण आज मंगळवार ना? तुमच्याकडं वार नाही का?"

"आहे. आम्ही शिवेबाहेर आलोय."

मॅडम बराच वेळ हसत होत्या.

बाजलं पुढं गेलं होतं. गाव त्याच्यामागं गप्पा मारत चाललं होतं, आणि पाचपट कशामुळं गेली यावर प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं. शामू डब्याचं ओझं डोक्यावर घेऊन मागं थांबला होता. नीलमनं त्याला सांगितलं की काम राहिलं, तीन वर्षं वाया गेली नाहीत. त्यानं मान हलवली. नेहमीसारखीच, पण या खेपेला तो उठून गेला नाही, तिच्या बरोबरीनं चालत राहिला.

ओढा ओलांडताना तो म्हणाला, "नीलू, एक इचारू? ह्या तुझ्या आगीवर आपल्या घरात दिवा कवा लागंल?"

तिच्या मनात आलं, आज एवढं झाल्यावर त्याला काहीतरी गोड सांगावं. तेवढ्यापुरतं. पण तो तिच्या उत्तरासाठी थांबला होता, डोक्यावरचं ओझं एका हातानं सावरत.

"तुमच्या हयातीत न्हाय लागायचा, बाबा," ती म्हणाली. "माझ्या बी लागंल का न्हाय, सांगता येत न्हाय."

शामूनं त्यावर थोडा विचार केला. मग ओझं नीट बसवून तो पुढं निघाला.

"बरं," तो म्हणाला. "उद्या बैठकीत हे बी सांग त्यांना. घाई करू नका म्हणावं."